आमची वाटचाल : टर्नटेबलच्या कारखान्यातली वर्षं

वडिलांनी टर्नटेबलचा, म्हणजे गाण्याची तबकडी फिरवणाऱ्या यंत्राचा, कारखाना काढला तेव्हा एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि दोन कारागीर होते. १९४८ साली आलेल्या, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एलपी तबकडीने तोवर चांगलाच जम बसवला होता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीपेक्षा तिची खाच फार बारीक, त्यामुळे यंत्राची जराशी थरथरही सुईतून थेट स्पीकरपर्यंत जाई. ती थरथर घालवणं हाच आमचा धंदा.

आमचा हात बसला होता तो बेअरिंगवर. पोलादी स्पिंडल म्हणजे फिरता दांडा, तो ज्या नळीत बसतो तो ब्राँझचा बुश, तळाला एक छर्रा. तेल लावलेला स्पिंडल बुशमध्ये सोडला की स्वतःच्या वजनाने सावकाश खाली बसला पाहिजे. झपकन उतरला तर ढिला, अडला तर घट्ट. दोन्ही वेळा जोडी बाद. मग वेगाची तपासणी : १८० काळ्या रेघांची चकती प्लॅटरवर, म्हणजे तबकडीखालच्या फिरत्या थाळीवर, ठेवायची आणि वर ५० हर्ट्झच्या विजेवरचा निऑन दिवा लावायचा. वेग अचूक असेल तर फिरत्या चकतीवरच्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. रेघा थबकल्याशिवाय वडील एकही नग खोक्यात घालू देत नसत.

मोटरने प्लॅटर फिरवायला रबरी चाक सोडून आम्ही पट्ट्यावर गेलो, मोटरची घरघर कमी झाली आणि कारखाना दोन पाळ्यांत चालू लागला.

१९७० मध्ये टेक्निक्स या जपानी कंपनीचं एसपी-१० हे टर्नटेबल आलं. पट्टा नाही, चाक नाही, प्लॅटर थेट मोटरवर. गिऱ्हाईक तसलंच मागू लागलं. त्यासाठी लागणारं इलेक्ट्रॉनिक्स आम्ही वेळेत उभं केलं नाही. तो निर्णय माझा होता आणि तो चुकला.

पुढे कॅसेट, मग १९८२ ची सीडी. सीडीने आम्हाला संपवलं असं लोक म्हणतात, पण ते अर्धंच खरं. मागणी घटली तरी थोडे नग जात होते. मात्र मोटरवाल्याची किमान ऑर्डर आमच्या वर्षभराच्या मालापेक्षा मोठी झाली, आणि जोडणीचं टेबल रिकामं झालं.

२०२२ मध्ये अमेरिकेत सीडीपेक्षा एलपी जास्त खपल्या. आनंद वाटला, पण बुश कापणारे हात आता नाहीत. आम्ही जुनी यंत्रं दुरुस्त करतो. परवाच आमचं एक आलं. तेल काळंकुट्ट, छर्रा एका बाजूने झिजलेला. बुश पुसला, छर्रा बदलला, नवं तेल घातलं. स्पिंडल सावकाश खाली बसला.