साक्याच्या पेट्या

त्या वर्षी १ मेला मी देवगडजवळ एका बागायतदार काकांच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या घरात, होते. मी तेव्हा मुंबईच्या एका स्टार्टअपमध्ये काम करायचे. हापूसची पेटी आणि तिचे पैसे यांच्यामधला दलाल काढून टाकायचा, एवढंच आमचं म्हणणं. पुण्याचा व्यापारी पैसे आधी अडकवून ठेवणार, माल पोचला की क्यूआर कोड स्कॅन करून ‘स्वीकारला’ दाबणार, आणि ब्लॉकचेनवरचं, म्हणजे अनेक संगणकांवर सामायिक असलेल्या नोंदींच्या साखळीवरचं, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (अट पूर्ण झाली की आपोआप चालणारा कोड) पैसे सोडणार. वाशीच्या बाजारातून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येईपर्यंत हमाली, भाडं, वजावट होऊन हातात काय पडणार ते कळत नाही, हे मी आमच्या घरी लहानपणापासून पाहिलं होतं. म्हणून हे काम मी जीव लावून करत होते.

सकाळी आठला चाळीस पेट्यांची नोंद हिरवी झाली. ‘पैसे अदा.’ मी धावत जाऊन काकांना फोन दाखवला.

“तुझ्या फोनात इले गो. माझ्या पासबुकात खय इले?”

आले नव्हतेच. आमचं कॉन्ट्रॅक्ट टोकन, म्हणजे रुपयांच्या जागी धरलेली साखळीवरची नोंद, हलवायचं. रुपये आमचा अकाउंटंट बँकेच्या साइटवरून हाताने पाठवायचा, आणि महाराष्ट्र दिनाची त्याला सुट्टी होती. ही व्यवस्था मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. पण मजुरी द्यायला थांबलेल्या माणसासमोर ती उच्चारणं फार जड गेलं.

दुपारी पुण्याहून फोन आला. अढीत पिकवलेले, रंगाने देखणे आंबे कापले तर बऱ्याच फळांत साका. साल निर्दोष, आत पांढुरका, फोपसा, आंबट गर. बाहेरून हे कळत नाही; कुठलाही क्यूआर कोड ते सांगू शकत नाही. व्यापारी म्हणाला, पैसे थांबवा. पण कॉन्ट्रॅक्टच्या हिशेबी ते सुटले होते, आणि तक्रारीसाठी त्यात एक ओळसुद्धा आम्ही लिहिली नव्हती.

२०१६ साली इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवर ‘द डीएओ’ या कोडवर चालणाऱ्या सामायिक निधीतून सुमारे ३६ लाख इथर (तिथलं चलन) एकाने काढून घेतले, तेही लिहिलेल्या कोडच्याच वाटेने. शेवटी माणसांनी एकत्र येऊन साखळीच दुभागली, तेव्हा पैसे परत फिरले. चाळीस पेट्यांसाठी कोण येणार? आमच्याकडे उलटंच घडलं. पैसे अजून बँकेत होते, म्हणूनच तिघांनी फोनवर बसून तोडगा काढता आला. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कातळावरल्या कलमांचे आंबे ते. गुरखे उशिरा इले, भर उनात काढले.” गुरखे म्हणजे बागेतले नेपाळी मजूर. काकांनी स्वतःहून सात पेट्यांचे पैसे सोडले. माझा ऊर भरून आला. आमच्या नोंदीत आंबा कधी उतरवला, कुठल्या कलमाचा, याचा रकानाच नव्हता, आणि खरी माहिती तर तीच होती.

ही तंत्रं मुळातच निकामी आहेत असं मी म्हणणार नाही. युनिस्वॅप हा ब्लॉकचेनवरचा बाजार २०१८ पासून टोकनांची अदलाबदल कारकुनाशिवाय करतंय, कारण तिथे देणं आणि घेणं दोन्ही साखळीवरच असतं. माल बाहेर असला की कुणीतरी खरं सांगावंच लागतं. मर्स्क आणि आयबीएमने जहाजी मालासाठी काढलेलं ट्रेडलेन्स २०१८ मध्ये सुरू झालं आणि २०२२ च्या नोव्हेंबरात ते बंद करत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. सगळा उद्योग हवा तसा एकत्र आला नाही, हेच कारण त्यांनी दिलं. तिथे पैसा आणि माणसं कमी नव्हती.

संध्याकाळी निघताना काकांनी मला पाटावर बसवून कोकम सरबत दिलं आणि विचारलं, “मोहोर येवच्या आधी फवारणीक दलाल उचल देता. तुमचा ता कॉन्ट्रॅक्ट देतला काय?”

परतीच्या एसटीत मी अहवाल लिहायला घेतला. साका, रकाना, तक्रारीची मुदत, सगळं खाली ठेवलं. पहिल्या ओळीत काकांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहिला.