कॅनबेरातील दोनशे खोडे

कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात मी चित्रे पाहायला गेले होते; पण तेथील 'अ‍ॅबोरिजिनल मेमोरियल' या, ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासींच्या स्मारकाच्या दोनशे रंगवलेल्या खोडांमध्ये शिरले आणि बाकीचे दालन त्या दिवशी राहूनच गेले.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमधील योलंगू या मूळनिवासी लोकांच्या प्रथेनुसार मृत्यूनंतर काही काळाने अस्थी गोळा करून स्वच्छ करतात, त्यांना गेरू लावतात आणि वाळवीने आतून पोखरलेल्या, कुळाची चिन्हे रंगवलेल्या खोडात ठेवतात. गाणी-नृत्ये झाली की ते खोड उघड्यावर उभे करून ऊनपावसाच्या स्वाधीन केले जाते. येथील खोडांत मात्र अस्थी नाहीत. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलिया गोऱ्यांच्या वसाहतीची दोनशे वर्षे साजरी करत असताना आर्नहेम लँडमधल्या रामिंगिनिंग या वस्तीच्या परिसरातील ४३ कलावंतांनी दर वर्षासाठी एक अशी ती रंगवली, आपली भूमी राखताना मारल्या गेलेल्या आणि अंत्यसंस्कारही न लाभलेल्या माणसांसाठी. कल्पना तेथील कला-सल्लागार जॉन मंडाइन यांची. खोडांमधून जाणारी वाट त्यांच्या भागातल्या ग्लाइड नदीसारखी वळते आणि ज्या कुळाची भूमी नदीकाठी जेथे, तेथेच त्याची खोडे. एका खोडापाशी मी वाकून पाहिले, तर पांढऱ्या मातीच्या, केसाइतक्या बारीक रेघांची जाळी खालपासून वरपर्यंत कोठेही तुटलेली नव्हती.

या कलावंतांत डेव्हिड मलांगी होते, आणि त्यांची हकिकत मला फार लागते. गुर्रमिर्रिंगू या पूर्वजाच्या अंत्यविधीचे त्यांनी झाडाच्या सालीवर काढलेले चित्र १९६६ च्या एक डॉलरच्या नोटेवर छापले गेले, तेही त्यांना न विचारता. एका शिक्षकाने ते ओळखले, तेव्हा कोठे त्यांना एक हजार डॉलर आणि एक पदक मिळाले. एका कुळाच्या शोकाचे चित्र असे देशभर सुट्ट्या पैशांसारखे फिरले. बावीस वर्षांनी त्याच हातांनी अंत्यविधीचीच खोडे त्याच देशापुढे उभी केली. या वेळी काय दाखवायचे आणि कशासाठी, हे ठरवणारे ते स्वतः होते. हा फरक मला रंगरेषांहून मोलाचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी तलावापलीकडच्या युद्धस्मारकात गेले. तेथील भिंतींवर एक लाखाहून अधिक मृत सैनिकांची नावे आहेत. वसाहतकाळात याच भूमीवर गोऱ्यांशी लढताना पडलेल्या मूळनिवासींची त्यांत नाहीत. तेथून मी थेट कलादालनात परतले आणि ती नदीची वाट पुन्हा एकदा, सावकाश चालले.