कॅट-मॅनची शीट: खंड २, अंक १२ चा गुंता

सुटला एकदाचा! कॅट-मॅन या १९४० च्या दशकातल्या अमेरिकन सुपरहिरो कॉमिकचा, तीन आठवडे डोकं खाणारा तो कव्हरलेस अंक अखेर माझ्या संग्रहाच्या यादीत, म्हणजे शीटमध्ये, जागेवर बसला. फक्त मी बसवला होता त्या जागेवर नाही.

मागे फोटो टाकला होता तोच. पहिल्या पानाच्या तळाशी इंडिशियाची (प्रकाशक, तारीख, खंड-अंक सांगणारी) बारीक ओळ, आणि तिचा कोपरा पापडासारखा तुटून गेलेला. महिना-साल नेमकं त्या तुकड्यात गेलं. उरलं ते 'खंड २, अंक १२'. चित्रकार जो क्यूबर्टचा 'वोल्टन' हा हिरो कॅट-मॅनच्या ज्या अंक ८ मध्ये येतो (मार्च १९४२), त्याची इंडिशियातली नोंद खंड २, अंक १३ अशी मिळते. मग हा त्याच्या आधीचा, म्हणजे ७. विक्रेताही तेच म्हणत होता, आणि भावही त्याच हिशेबाने लावला होता. मी शीटमध्ये ७ टाकून मोकळा झालो.

पण पानं मोजली तर ६४ भरेनात. पिना शाबूत, मधली जोडपानंही जागच्या जागी. १९४२ च्या सुरुवातीलाच इतकी काटकसर? परवा रात्री भिंग लावून तीच ओळ पुन्हा वाचली. प्रकाशकाचं नाव कॉन्टिनेंटल! आधीचा प्रकाशक होल्योक नाहीच. कॅट-मॅनवर कॉन्टिनेंटल येतं ते जुलै १९४४ पासून. तब्बल अडीच वर्षांची चूक. कहर म्हणजे त्याआधीचा मे १९४४ चा अंक खंड ३ मधला आहे. तीननंतर दोन! कागदाच्या रेशनिंगच्या काळात प्रकाशक टेमरसनच्या कंपन्या नावं बदलत होत्या, त्यात आकड्यांचं कोण बघतो. तसाही गोंधळ पहिल्यापासूनचाच. मे १९४१ चा अंक १ आतून स्वतःला ६ म्हणवतो, कारण त्याच्या आधीचं कॉमिक 'क्रॅश कॉमिक्स' ५ वर संपलं आणि मोजणी तिथूनच पुढे ओढली.

जादा पैसे गेले ते गेले. तरी त्या ओळीतला 'कॉन्टिनेंटल' दिसला तेव्हा चहा गार होईपर्यंत नुसता बघत बसलो होतो.

फुकट स्कॅनवर विसंबणाऱ्यांना एक विनंती: पान सरळ करण्याच्या नादात तळाची पट्टी कापलेले स्कॅन घेऊ नका. रंग फिके चालतील, इंडिशिया हवी.

पुढे ब्लू बीटल हे दुसरं कॉमिक घेणार होतो. त्याचा प्रकाशक फॉक्स बुडाल्यावर होल्योकने चालवलेले अंक १२ ते ३०. ३१ पासून ते पुन्हा फॉक्सकडे. ते सरळ क्रमाने आहेत, थांबतील. आधी कॅट-मॅनच्या शीटमध्ये 'इंडिशियातला प्रकाशक' हा रकाना घालतो आणि खंडाचा रकाना शेवटी ढकलतो.

थांबा, लिहिता लिहिता सुचलं: तारीख फाटलेली असली तरी आतल्या जाहिराती असतातच की. त्याच प्रकाशकाच्या 'कॅप्टन एरो' या दुसऱ्या कॉमिकचा कुठला अंक स्टॉलवर आहे असं त्यात लिहिलं असेल, तर दोन्ही मालिका एकमेकींना टाचता येतील. म्हणजे रकाना एक नाही, दोन. ज्यांच्याकडे १९४४ चे कॅप्टन एरो आहेत त्यांनी जाहिरातीच्या पानांचे फोटो काढून ठेवा.