काफ्काचं ऑफिस दोन वाजता सुटायचं

नाव होण्याआधी मोठे लेखक पोटासाठी काय करायचे, आणि नोकरी सांभाळून लिहिणं जमतं का, हे बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: नोकरी कसली, यापेक्षा ती सुटते किती वाजता ते आधी बघा.

प्रागचा फ्रान्झ काफ्का १९०७ मध्ये एका इटालियन विमा कंपनीत चिकटला. तिथे सगळा दिवस ऑफिसातच जायचा. वर्षही न काढता त्याने ती सोडली आणि जुलै १९०८ मध्ये कामगार अपघात विमा संस्थेत आला. वेळ आठ ते दोन.

त्याला नुसता कारकून म्हणतात, ते काही खरं नाही. कारखान्यांची धोक्यानुसार वर्गवारी लावायची, त्यावर मालकांचा हप्ता ठरायचा, मग मालकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची. लाकूड रंधणाऱ्या यंत्रांवरचा त्याचा अहवाल तर मुद्दाम वाचावा. चौकोनी शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, पाती थेट स्क्रूने बसवलेली असत. शाफ्ट आणि टेबल यांत रुंद फट राही. लाकूड उडालं की दाबून धरलेला हात त्या फटीत जाई आणि बोटं तुटत. गोल शाफ्टमध्ये पाती झाकलेली आणि फट अरुंद, त्यामुळे बोट गेलंच तरी खरचटण्यावर निभावे. हे सगळं त्याने आकृत्या काढून पटवलं.

दुपारी जेवण, झोप. लेखन रात्री दहा-अकरानंतर. २२ सप्टेंबर १९१२ ला रात्री दहाला बसला आणि सकाळी सहाला ‘निकाल’ ही कथा पुरी करूनच उठला. मग साहेबांना चिठ्ठी: जरा चक्कर आली, उशिरा येतो. (तेवढं चालायचं.)

घोळ झाला तो दुपारचा. घरच्यांनी काढलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यावर देखरेखीला त्यानेच जावं, असा तगादा लागला. त्याच ऑक्टोबरात त्याने मित्राला, माक्स ब्रोडला, आत्महत्येचे विचार कळवले. ब्रोडने ते काफ्काच्या आईच्या कानावर घातलं, तेव्हा तिने वडिलांना न सांगता दुसरा माणूस बघायचं ठरवलं.

दोनला सुटका नसेल तर इंग्लंडच्या पोस्टातला अँथनी ट्रोलोप बघा. पहाटे साडेपाचला टेबलाशी, कारण तेव्हा उठवून कॉफी द्यायला नोकराला वर्षाला ५ पौंड जादा. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचायचं, मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. तीन तासांनी लिखाण बंद, मग न्याहारी आणि पोस्ट. १८६७ मध्ये राजीनामा दिला, तोवर तो नावाजलेला कादंबरीकार झाला होता.