तुम्ही विचारलंत म्हणून : जड गाडीला टायर कुठला घालावा?

"काका, टिकला पण पाहिजे आणि पावसात धरला पण पाहिजे. कुठला घालू?" टूरिंगची, म्हणजे लांबच्या प्रवासाची जड मोटरसायकल घेतलेली बेळगावातली पोरं हटकून हे विचारतात. मी उलट विचारतो, जास्त पळवणार कुठं? निपाणीकडं सरळ हायवेला, की जांबोटीकडं घाटात?

पुणे-बंगळूर हायवेवर गाडी सरळ उभी पळते. सामानासकट सगळा भार मागच्या टायरच्या मधल्या पट्ट्यावर येतो आणि तो घासून सपाट होतो. मग कणकुंबी सोडून चोर्ला घाटाच्या वळणात गाडी झुकवायला जावं, तर आधी ती वळायला तयार नसते आणि नंतर एकदम आडवी पडू बघते. कडांची नक्षी अजून नवी, तरी टायर बाद. कडक रबराचा घेतला तर किलोमीटर भरपूर मिळतील. पण जुलैतल्या त्या गार, ओल्या डांबरावर तो तापतच नाही, मग धरणार कसा? सगळा मऊ घेतला तर हायवे त्याला बघता बघता संपवतो.

म्हणून मी ड्युअल कंपाउंड सांगतो : मध्ये कडक रबर, दोन्ही कडांना मऊ. त्यात सिलिका (ओल्यावर पकड वाढवायला रबरात मिसळतात ती पूड) जास्त असेल तर पावसाळी घाटाला तोच. महाग पडतो, पडू दे. (उसाच्या हंगामात चिकोडी-अथणीकडं ट्रॅक्टर शेतातली काळी माती रस्त्यावर आणतात. तिच्यावर दव पडलं की कुठल्याच कंपनीचा टायर धरत नाही. तिथं हळू जायचं, बस्स.)

नावापेक्षा टायरच्या बाजूवर काय छापलंय ते वाचा. लोड इंडेक्स, म्हणजे भार पेलायचा अंक, 73 असेल तर त्या एका टायरला जास्तीत जास्त 365 किलो. त्यापुढचं व्ही (V) अक्षर म्हणजे वेग जास्तीत जास्त ताशी 240 किलोमीटर. गाडीच्या पुस्तकातल्यापेक्षा कमी अंकाचा टायर स्वस्त मिळाला तरी नको. तारखेचे चार आकडेही बघा : 2325 म्हणजे 2025 चा तेविसावा आठवडा.

हवा सकाळी, टायर गार असताना तपासायची. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी वाकते आणि तापते. मागं बायको आणि दोन पेट्या असतील तर पुस्तकात डबलसीटचा वेगळा आकडा असतो, तो भरा.

नव्या टायरचा गुळगुळीतपणा जायला शे-दीडशे किलोमीटर लागतात, तोवर तो नीट धरत नाही. तेव्हा बदलायचाच असेल तर मे महिन्यातच बदला, मृगाची वाट बघू नका.