आबांना घेऊन ल तुके : एका दिवसाच्या उड्डाणासाठी परदेशातला विमानतळ निवडताना

दिवाळीला गावी आलोय. दिग्रसच्या अलीकडे आमचं गाव. ओसरीत कापसाची गाठोडी पडलीत आणि आबा काट्यापाशी बसून वेचणीचं वजन वहीत लिहिताहेत. तालुक्यातली दोन पोरं सध्या इंग्लंडात खाजगी वैमानिकाचं लायसन्स करताहेत. दोघांचेही आईवडील येत्या उन्हाळ्यात तिकडं जाणार, आणि दोघांनीही मला तेच विचारलं: "दादा, त्यांना एका दिवसासाठी फ्रान्सला न्यायचं तर उतरायचं कुठं?" गेल्या मे महिन्यात मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इंग्लंडातून छोट्या विमानानं फ्रान्समधल्या ल तुकेला नेलं होतं. तेव्हाचं सगळं इथं लिहून ठेवतो.

चुकलं ते आधी सांगतो. पहिली यादी मी माझ्या हौसेनं केली. नेदरलँड्समधल्या मिडन-झेलँडची गवताची धावपट्टी मला फार दिवसांपासून खुणावत होती, फ्रान्समधल्या दोव्हिलला झकास किनारा आहे, ऑस्टेंडला उतरलं की बेल्जियम पाहून होतं. डिसेंबरात फोनवर आबांना ही नावं वाचून दाखवली. ते म्हणाले, "हे सारं ठीक हाय, पण तिथं वावर दिसते का?" मग नव्यानं बसलो. वय ६८, गुडघे दुखतात, गळ्यात माळ, पासपोर्ट भारतीय, आणि पाहायची आहेत शेतं. धावपट्टीची लांबी आणि पेट्रोलचा भाव हे या सगळ्यानंतर येतं.

पासपोर्ट ही सगळ्यात बारीक चाळणी. इंग्लंडचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा, वेगळा लागतो आणि तो साधारणपणे आपण राहतो त्या देशातूनच काढावा लागतो. इंग्लंडात फिरायला पोचल्यावर तिथून काढू म्हणाल तर वाट जवळपास बंदच आहे, म्हणून गावाहून निघण्याआधीच काढा. इंग्लंडचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, तेही बघा. नाहीतर संध्याकाळी परत उतरायची पंचाईत. बाहेरून शेंगेनमध्ये शिरताना वाटेल त्या धावपट्टीवर उतरता येत नाही, जिथं सीमा-पोलिस आणि कस्टमची सोय आहे तिथंच आधी उतरावं लागतं. उत्तर फ्रान्समधली कितीतरी छोटी, देखणी मैदानं इथंच गळून पडतात. काही ठिकाणी रेडिओवर फक्त फ्रेंच चालतं; विमानतळाच्या पत्रकावर तसं लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणं टप्प्याटप्प्यानं सुरू झालंय. आम्ही गेलो तेव्हा ते नव्हतं. तुम्ही उतरल्यावरचा वेळ जास्त धरून चला.

दुसरी चाळणी समुद्राची. एका इंजिनाच्या विमानात वडिलांना बसवून पाण्यावरून जाताना मला हा हिशेब फार महत्त्वाचा वाटतो. इंजिन बंद पडलं तर सेसना १७२, म्हणजे आमचं छोटं विमान, हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल तरंगत जातं. साडेपाच हजार फुटांवरून जेमतेम आठ मैल. इंग्लंडातल्या डोव्हरपासून फ्रान्समधल्या काप ग्री-नेपर्यंत इंग्लिश खाडी सगळ्यात अरुंद, सुमारे १८ सागरी मैल. म्हणजे वारा शांत असेल तर आठ मैल इकडून, आठ मैल तिकडून जमीन हाताशी, आणि मधले दोनच मैल उघडे. शंभर नॉटला (तासाला शंभर सागरी मैल) ते सव्वा मिनिटात संपतात. लिड या इंग्लंडातल्या विमानतळाहून ल तुकेला सरळ गेलं तर ३७ मैल पडतात, डोव्हरवरून वळसा घेतला तर ५७. मी वळसाच घेतला आणि तुम्हीही घ्या. दोव्हिलला जायचं तर पाण्यावरचा वेळ कितीतरी वाढतो, ते मी तिथंच खोडलं.

मे महिन्यातही त्या पाण्याचं तापमान १२ अंशांच्या आसपास असतं. लाइफ जॅकेट सीटखाली ठेवायचं नाही, अंगावरच घालायचं. आबांना मी आदल्या रात्री स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून तीनदा सराव करायला लावला: पट्टा सोडायचा, दार उघडायचं, बाहेर पाय टाकायचा, आणि मगच लाल दोरी ओढायची. आत ओढली तर फुगलेलं जॅकेट दारात अडकतं. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून केलं.

विमानही गुडघे पाहून घेतलं. आमच्या फ्लाइंग क्लबात पायपर होतं, पण त्यात पंखावर चढून एकाच दारातून आत उतरावं लागतं. सेसनाला दोन्ही बाजूंनी दार, पाय ठेवायला पायरी, आणि पंख वर असल्यानं खालची शेतं मोकळी दिसतात.

शेवटी उरले कॅले आणि ल तुके. कॅले जवळचं, पण ल तुकेला १८५० मीटरची डांबरी धावपट्टी आहे, रेडिओवर इंग्रजी चालतं, गाव हाकेच्या अंतरावर आहे आणि कांश नदीच्या पलीकडे लगेच शेतं लागतात. आबांचा प्रश्न तिथंच सुटला.

कागदांचं थोडक्यात. जनरल एव्हिएशन रिपोर्ट (विमानात कोण आणि कुठं चाललंय हे इंग्लंडच्या सीमा-विभागाला कळवायचा फॉर्म) जाताना आणि येताना, दोन्ही वेळा उड्डाणाच्या किमान दोन तास आधी ऑनलाइन भरायचा. एप्रिल २०२४ पासून हे बंधनकारक आहे आणि दंड १०,००० पौंडांपर्यंत जातो. येतानाचा मी सकाळीच भरून टाकला, तिकडं घाई नको. फ्लाइट प्लॅन किमान तासभर आधी द्यायचा. फ्रान्समधल्या कस्टमला किती तास आधी कळवायचं हे प्रत्येक विमानतळाचं वेगळं असतं. तुमचं लायसन्स हलक्या विमानांपुरतं मर्यादित असेल तर ते फ्रान्समध्ये चालत नाही, पूर्ण पीपीएलच (खाजगी वैमानिकाचं लायसन्स) हवं. वेळेचा घोळ मात्र हमखास होतो: प्लॅन जागतिक वेळेत, इंग्लंडचं घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे, फ्रान्सचं दोन तास. आबांचं घड्याळ भारतातल्याच वेळेवर होतं. मी गुडघ्यावरच्या पाटीवर तिन्ही वेळा शेजारी शेजारी लिहून ठेवल्या होत्या.

पहिला शनिवार वाया गेला. खाडीवर समुद्री धुकं बसलं होतं आणि मी सकाळी साडेसातला रद्द केलं. आबांना वाईट वाटेल या भीतीनं मी कारणं सांगू लागलो, तर ते म्हणाले, "वाफसा आल्याबिगर तिफण कोणी लावते का?" आणि चहा पीत बसले. ज्यांना पावसाची वाट पाहायची सवय आहे त्यांना हवामानाचं समजवावं लागत नाही. तरी मुक्कामात एक नव्हे, तीन मोकळे दिवस हाताशी ठेवा.

दुसऱ्या शनिवारी ऊन होतं. डोव्हरचे पांढरे कडे मागे पडले तसं मी आबांना सांगितलं की २५ जुलै १९०९ ला ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकानं हीच खाडी पलीकडून पहिल्यांदा विमानानं ओलांडली. त्यांनी मान हलवली, पण डोळे समोरच्या किनाऱ्यावर होते. जमीन लागली आणि ते खिडकीला टेकले. मोहरीच्या जातीच्या पिकाचे पिवळे पट्टे, मधे गव्हाचा हिरवा, आणि कुठंही बांध नाही. "धुरा कुठं हाय यायचा?" हेडसेटमध्ये एवढंच ऐकू आलं.

ल तुकेला पासपोर्टवर शिक्का बसला आणि टॅक्सी केली. किनारा मागं टाकून एताप्लच्या पलीकडे, मोंत्रयच्या रस्त्याला लागलो. एका वावराशी आबांनी गाडी थांबवायला लावली. टोंगळ्याएवढं, नाजूक, निळसर हिरवं पीक. काठाशी वाकून त्यांनी पान बोटांत धरलं, देठ चिमटीत ओढून पाहिला आणि म्हणाले, "जवस हाय हा." खरंच जवस होता. आपण तेलासाठी घेतो, तिकडं धाग्यासाठी. लिननचं कापड त्याचंच. देठ उंच वाढावा म्हणून दाट पेरतात. आबा त्या काठावर पाऊण तास होते. त्यांच्या लहानपणी आमच्याकडे जवस होता, मग सोयाबीन आलं आणि गेला.

जेवण सोबत नेलं होतं, पण दही-तूप घरी ठेवून. इंग्लंडातून युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि १२ एप्रिल २०२५ पासून युरोपातून इंग्लंडातही आणता येत नाहीत; चीज घेऊन परत यायचा बेत करू नका. पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी कस्टमवाल्यानं बघितली, काही बोलला नाही.

परतीची वेळ आम्ही सूर्यास्ताच्या तीन तास आधीची धरली होती. शेतावर पाऊण तास जास्त गेला तरी घाई झाली नाही. दिवस आखताना परतीपासून उलटं मोजत या.

आबांनी यंदा धुऱ्याकडचा अर्धा एकर जवसासाठी ठेवलाय. दोघा पोरांना एवढंच सांगतो: मृग ७-८ जूनला लागतो, त्याआधी आईवडिलांना गावी पोचायचं असणार. म्हणजे उड्डाण एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा कापूस घरात आला की जानेवारीतच कागद लावा.