पाच हजारी जहागीर, लाखाचा रुबाब

आज जपानमधल्या तोचिगी प्रांतातल्या कित्सुरेगावात भटकलो. दाइम्यो म्हणजे सरंजामदार म्हणवून घ्यायला किमान १०,००० कोकू उत्पन्न लागायचं (एक कोकू म्हणजे अंदाजे दीडशे किलो तांदूळ). इथल्या धन्याकडे जेमतेम ५,०००! पण घराणं पडलं आशिकागा शोगुनांच्या (जुन्या लष्करी राज्यकर्त्यांच्या) भाऊबंदांचं. म्हणून पुढच्या तोकुगावा शोगुनांनी मान दिला १,००,००० कोकूवाल्याचा, वर एदोला (आजचं टोकियो) ठरावीक काळाने शोगुनापुढे द्यावी लागणाऱ्या हजेरीतूनही सूट. त्या हजेरीपायी भले भले कर्जबाजारी व्हायचे, म्हणजे खरी चैन हीच.

र्‍यूकोजी देवळामागे घराण्याच्या समाध्या आहेत. गावातून जुना पाट वाहतो, त्यात कोई मासे मजेत फिरतात. मी मात्र तिथेच रेंगाळलो, समाध्या घाईत उरकल्या.

शोगुनशाही संपून मेइजी सम्राटाचा काळ आल्यावर या घराण्याने आशिकागा आडनाव परत लावलं. १८७० मध्ये संस्थानच शेजारच्या निक्को प्रांतात विलीन झालं.